विषाणू आला कुठून, आणि माणसे गेली किती?

कोजागिरीला दूध आटेपर्यंत आपल्या मंडळात एखादा तरी वाद पेटतोच. २०२५ च्या कोजागिरीला तो बेसमेंटमध्ये, कॅरमच्या बोर्डाभोवती पेटला. करोनाचा विषाणू वुहानच्या बाजारातून आला की तिथल्या प्रयोगशाळेतून? अर्ध्या तासात गाडी दुसऱ्याच रुळावर गेली : एवढ्या श्रीमंत अमेरिकेत इतकी माणसे दगावली आणि भारताने मात्र कसे निभावले! कुणी श्रेय हळदीला दिले, कुणी लहानपणी प्यायलेल्या नळाच्या पाण्याला. मी गप्प होतो. माझा थोरला भाऊ, दादा, एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात गेला.

मी डॉक्टर नव्हे. माझी तीस वर्षे इथल्या विमा कंपनीत मृत्यूचे तक्ते मांडण्यात गेली. त्या सवयीने एवढेच म्हणतो, की त्या रात्री आपण दोन निरनिराळे प्रश्न एकाच पातेल्यात ढवळत होतो.

पहिला प्रश्न उगमाचा. डिसेंबर २०१९ मधल्या माहीत असलेल्या रुग्णांपैकी बरेच जण हुआनान बाजाराशी किंवा त्याच्या आसपासच्या वस्तीशी जोडलेले होते, आणि २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या दोन निबंधांनी बाजाराच्या बाजूने कौल दिला. पण ज्या प्राण्याकडून रोग माणसाला लागला, तो प्राणी सापडलेला नाही. उलट सी.आय.ए.ने जानेवारी २०२५ मध्ये प्रयोगशाळेकडे बोट दाखवले, तेही 'खात्री कमी' अशी पुस्ती जोडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने जून २०२५ मध्ये सांगितले, की उपलब्ध पुरावा प्राण्यांच्या बाजूने झुकतो, पण चीनने मागितलेली सगळी माहिती न दिल्यामुळे दुसरी शक्यता खोडता येत नाही. माझे विचाराल तर मीही बाजाराकडेच झुकतो; पैज मात्र डॉलरच्या वर लावणार नाही.

असा वाद आपल्या मुंबईने पूर्वीही पाहिला आहे. माझ्या आजीची आई १९१८ च्या साथीत गिरगावात गेली. आजी त्या साथीला 'मानमोडी' म्हणायची. जगाने तिला 'स्पॅनिश' नाव दिले, ते केवळ स्पेन युद्धात तटस्थ होता आणि तिथली वर्तमानपत्रे आजाराच्या बातम्या मोकळेपणी छापत होती म्हणून. मे १९१८ च्या अखेरीस एक जहाज मुंबई बंदराला लागले, आणि १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर म्हणत, रोग जहाजाने आणला. सरकार म्हणे, खलाशांनाच तो मुंबईत लागला. मूळ उगम आपल्या इथल्या कॅन्सस राज्यात होता, फ्रान्समधल्या लष्करी छावणीत होता की चीनमध्ये, यावर अभ्यासक शंभर वर्षांनंतरही भांडतात.

आता दुसरा प्रश्न पाहा. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. त्या साथीत युरोपियनांतले मृत्यूचे प्रमाण हजारी ८.३ होते, पारशांत ९, आणि सरकारी दप्तराने ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात ६१.६. शहर एक, विषाणू एक. फरक होता तो चाळीतल्या खोलीत किती माणसे झोपत होती आणि त्या दुष्काळी वर्षात घरात धान्य किती होते, याचा.

याहून बोलके उदाहरण पॅसिफिकमधल्या सामोआचे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'तालुने' जहाज न्यूझीलंडच्या ताब्यातल्या पश्चिम सामोआत आले, आजारी उतारूंना उतरू दिले गेले, आणि तिथली सुमारे २२ टक्के प्रजा मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पोयर यांनी बंदरावर कडक क्वारंटाइन लावले. तिथे एकही मृत्यू झाला नाही. दोन्हीकडची माणसे एकाच रक्ताची, तेव्हा प्रतिकारशक्तीचा मुद्दा इथे चालत नाही.

आणि भारताने निभावले म्हणजे किती निभावले? सरकारी आकडा धरला, तर २०२१ अखेर भारतात करोनाचे सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू, म्हणजे लाखामागे ३५. अमेरिकेत लाखामागे २५० च्या घरात. पण जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये नेहमीपेक्षा किती मृत्यू जास्त झाले याचा हिशेब मांडला, तेव्हा त्या दोन वर्षांसाठी भारताचा आकडा ४७ लाख निघाला. लाखामागे सुमारे ३४०. अमेरिकेचा याच पद्धतीने २८०. भारत सरकारला हा हिशेब मान्य नव्हता, आणि अंदाजात चूक असू शकते हे मी धंद्याने जाणतो. पण सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीत २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू आहेत. भारताची लोकसंख्या अमेरिकेपेक्षा कितीतरी तरुण, हेही विसरू नये. तरुण देशात खरे तर कमी माणसे जायला हवी होती.

दादाचेच घ्या. चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून तेराव्या दिवशी तो गेला. रुग्णालयाने कागदावर कारण लिहिले : हृदयक्रिया बंद पडणे. ती शेवटी सगळ्यांचीच बंद पडते! म्हणजे त्या ४ लाख ८१ हजारांत दादा धरलेला नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये नियम आला, की चाचणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू करोनाचा धरावा आणि तक्रार असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे जावे. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसांना ५०,००० रुपये द्यायला सांगितले. मग रोज आमच्या रात्री नऊला, म्हणजे पुतण्याच्या भल्या पहाटे, फोन सुरू झाले. चाचणीचा कागद कुठेच सापडेना. शेवटी तो वहिनींच्या देवघरात पोथीच्या पानांत निघाला. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांनी चाचण्यांचे कागद, रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद आणि विम्यावरचे वारसाचे नाव एकदा तपासून ठेवावे, आणि प्रत्येकाचा फोटो आपल्या फोनवर मागवून घ्यावा. मी ते आधी केले असते, तर पुतण्याच्या तीन खेपा वाचल्या असत्या.

समितीने दाखला दिला. पैसे आले ते वहिनींनी तसेच बँकेत ठेवले. दाखला मात्र त्यांनी पुन्हा त्याच पोथीत ठेवला आहे.