एका किलोमागे १४ युनिट

सह्याद्रीच्या एक घनमीटर काळ्या पाषाणात साधारण २०० किलो अ‍ॅल्युमिनियम असतं, आणि दख्खनचा हा पाषाण पसरलाय सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर! पृथ्वीच्या कवचाच्या वजनात या धातूचा वाटा ८ टक्के. लोखंडाचाही त्याहून कमी. तरीसुद्धा तो पहिल्यांदा वेगळा काढला गेला १८२५ साली, डेन्मार्कमध्ये.

इतका उशीर झाला तो ऑक्सिजनमुळे. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची गाठ अशी घट्ट, की लोखंड मोकळं करणारी कोळशाची भट्टी इथे हात टेकते. त्याचं ऑक्साइड वितळायला २,००० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. म्हणूनच १८८४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवलेलं २.८ किलोचं अ‍ॅल्युमिनियम जवळपास चांदीच्या भावाचं होतं. दोनच वर्षांत अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांना स्वतंत्रपणे एकच वाट सापडली. वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ऑक्साइड विरघळवायचं आणि त्यातून वीज सोडायची. ९६० अंशांवर काम भागतं. दोघेही जन्मले १८६३ मध्ये आणि गेले १९१४ मध्ये.

आजही हीच पद्धत आहे. पावसाने युगानुयुगं खडकातली सिलिका धुऊन नेली की मागे अ‍ॅल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट उरतं; कोल्हापूरच्या राधानगरी भागात ते आहे. साधारण ४ टन बॉक्साइटमधून २ टन अ‍ॅल्युमिना, म्हणजे तेच ऑक्साइड, आणि त्यातून १ टन धातू. मोठ्या कारखान्यातल्या एकेका भांड्यात विजेचा दाब जेमतेम ४-५ व्होल्ट, प्रवाह मात्र लाखो अँपिअर. एका किलोला सुमारे १४ युनिट वीज लागते. जगात वर्षाला ७ कोटी टनांच्या आसपास नवं अ‍ॅल्युमिनियम तयार होतं. गुणाकार करा: ९८,००० कोटी युनिट. भारतात वर्षभरात निर्माण होणाऱ्या एकूण विजेच्या जवळपास निम्मी!

एवढी वीज ओतून मिळणारा धातू पोलादाच्या एक-तृतीयांश वजनाचा असतो. त्याच वजनाच्या तांब्यापेक्षा तो दुप्पट वीज वाहून नेतो, म्हणून उच्चदाबाच्या तारा त्याच्याच. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. मिलिमीटरचे अडीच लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा हा थर, पण धातूला गंजू देत नाही.

म्हणून हा धातू संपत नाही. आजवर बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी जवळजवळ ७५ टक्के अजून वापरात आहे. भंगार वितळवायला नव्या धातूच्या केवळ ५ टक्के ऊर्जा पुरते. शीतपेयाचा १३ ग्रॅमचा एक डबा भंगारात गेला, तरी ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारे १९ तास चालेल एवढी वीज वाचते. दारोदार फिरून हे डबे, फुटकी पातेली गोळा करणारा भंगारवाला देशाची वीज वाचवतो. त्याच्या कामाला वीजबचतीच्या हिशेबात मानाची जागा मिळायलाच हवी.