‘येथें’ म्हणजे कोठें ?



प्रवासास निघालेला गृहस्थ स्टेशनवर भेटावयास येणाऱ्या मंडळींस “इंजिनापासून चौथा डबा” अशी खूण कळवून ठेवतो. गाडी फलाटावर नेमकी कोठें थांबेल हें त्याला ठाऊक नसतें. परंतु इंजिन व डबा यांमधील अंतर गाडी कोठेंहि थांबली तरी बदलत नाहीं. असेंब्ली भाषेंतील एक मोठी सोय याच तत्त्वावर उभारलेली आहे.

या भाषेंत संगणकाला द्यावयाची एकेक आज्ञा लिहिली जाते व असेंब्लर नांवाचा प्रोग्राम तिचें अंकांत रूपांतर करतो. आज्ञा सेक्शनांत, म्हणजे विभागांत, वांटलेल्या असतात. एखादा विभाग स्मृतींत कोणत्या पत्त्यावर जाऊन बसणार, हें पुष्कळदां मागाहून ठरतें. म्हणून नॅस्म या असेंब्लरांत दोन खुणा आहेत. डॉलरचें एक चिन्ह म्हणजे ‘ही ओळ जेथें सुरू होते तें ठिकाण’. अशीं दोन चिन्हें जोडून लिहिलीं म्हणजे ‘चालू विभागाचा आरंभ’. दोन्ही पत्ते मागाहून ठरोत; त्यांची वजाबाकी आधींच निश्चित असते.

याचा उपयोग पाहूं. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरच्या घराण्यांतील जुन्या पद्धतींत, यंत्र सुरू होतांच तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा भाग स्मृतींत ३१७४४ या पत्त्यावर आणला जातो. त्याचे शेवटचे दोन बाइट ८५ व १७० असावेत, अशी पुढें रूढी पडली. ही मोहोर एका घरानें जरी सरकली, तरी सामान्यतः यंत्र ती तबकडी नाकारतें. म्हणून आज्ञा संपल्यावर ५१० बाइट पुरे होईपर्यंत शून्यें भरावीं लागतात. आज्ञांनीं ३० बाइट व्यापले असतील तर शून्यें ४८०; उद्यां तीन बाइटांची एक आज्ञा वाढविली कीं ४७७. हातानें मोजणारा येथें हटकून चुकतो.

त्याऐवजीं ‘येथें’ मधून ‘आरंभ’ वजा करावा आणि तें अंतर ५१० मधून वजा करावें, एवढेंच लिहिलें म्हणजे असेंब्लर दर खेपेस नवा हिशेब करतो. आज्ञा फार वाढल्या तर उत्तर ऋण येऊन तो इशाराहि देतो. नवशिका मात्र ५१० मधून नुसतें ‘येथें’ वजा करतो, व असेंब्लर तें स्वीकारीत नाहीं. कारण पत्ता ही निव्वळ संख्या नव्हे. फलाटावरील जागा सांगून इंजिनापासूनचे डबे कसे मोजले जाणार ?

तात्पर्य, मुक्काम ठरलेला नसला तरी आरंभापासूनचें अंतर सांगतां येतें. आणि पुष्कळ कामांस तेवढेंच पुरतें.