आकाशातून दिसणारा समुद्र

समुद्रावर उदरनिर्वाह करणाऱ्या माणसाला पाण्याचा रंग वाचता येतो. पाणी कोठे हिरवट झाले आहे, पक्षी कोणत्या बाजूस घिरट्या घालीत आहेत, प्रवाहाची ओढ कोणत्या दिशेची आहे, अशा खुणांवरून जाळे कोठे टाकावयाचे हे अनुभवी तांडेल ठरवीत आला आहे. ही विद्या बापाकडून मुलाकडे येत राहिली आणि आजही तिचे मोल कमी झालेले नाही. परंतु होडीवरून दिसणारा समुद्र फार तर काही मैलांचा असतो. त्यापलीकडे काय चालले आहे हे जाणावयाचे, तर दृष्टी उंचावर न्यावी लागते. गेल्या पाव शतकात भारताच्या उपग्रहांनी हे काम अंगावर घेतले आहे.

एखाद्या वस्तूस स्पर्श न करता, तिच्याकडून येणारा प्रकाश किंवा उष्णता यांच्या आधारे तिची माहिती मिळविण्याच्या शास्त्रास दूरसंवेदन म्हणतात. खास समुद्राच्या अभ्यासासाठी ओशनसॅट-१ हा भारतीय उपग्रह २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात सोडण्यात आला. सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून तो १,४२० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका वेळी टिपीत असे आणि दर दोन दिवसांनी त्याच भागावर परत येई. त्याचे काम पुढे २००९ मध्ये ओशनसॅट-२ ने आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ ने चालविले.

रंगावरून अन्नाचा माग

उपग्रहाला पाण्यातील मासे दिसतात, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्याला दिसतो तो पाण्याचा रंग, आणि त्या रंगावरून मिळतो तो अन्नाचा माग. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. जमिनीवरील झाडांप्रमाणेच त्यांच्या अंगी हरितद्रव्य असते. ते जेथे विपुल असेल तेथील पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश हिरव्याकडे झुकतो. या वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी जगतात आणि तारली, बांगडा यांसारखे मासे या दोहोंवर पोसले जातात. त्यांच्यामागून सुरमईसारखे मोठे मासे येतात.

दुसरी खूण उष्णतेची आहे. अवरक्त किरणांच्या साहाय्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान उपग्रहावरून मोजता येते. तळाकडील थंड पाणी वर येते तेव्हा ते आपल्याबरोबर पोषक क्षार घेऊन येते. थंड आणि उष्ण पाण्याच्या सीमारेषेवर अन्न एकवटते आणि तेथे माशांचे थवे जमण्याचा संभव वाढतो. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या दोन खुणा एकत्र करून संभाव्य मत्स्यक्षेत्रे ठरविते. अमुक बंदरापासून कोणत्या दिशेस, किती किलोमीटरवर आणि किती खोलीच्या पाण्यात जावे, हे मच्छीमारांस त्यांच्या प्रादेशिक भाषेत कळविले जाते. शोधात भटकणे टळले की इंधन वाचते आणि समुद्रावरील मुक्काम आखडतो.

या विद्येला मर्यादाही आहेत. ढग आड आले की रंग आणि उष्णता टिपणारी ही साधने निरुपयोगी होतात. नदीमुखाजवळच्या गढूळ पाण्यात चिखलाचा रंग आणि हरितद्रव्याचा रंग यांत भेद करणे कठीण जाते. शिवाय मासा हा चालता जीव आहे. काल दाखविलेल्या जागी तो आज असेलच असे नाही. म्हणून या सूचनेस संभाव्य हे विशेषण मुद्दाम लावलेले आहे.

शेवटच्या होडीपर्यंत

हैदराबादेत तयार झालेली माहिती होडीपर्यंत पोहोचली नाही, तर तिचा उपयोग काय? नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ओखी चक्रीवादळाने हा प्रश्न फार क्रूरपणे विचारला. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार त्या वेळी खोल समुद्रात होते. किनाऱ्यापासून दहाबारा किलोमीटरपलीकडे मोबाइलचा संदेश पोहोचत नाही. त्यामुळे दूर गेलेल्या होड्यांना सावध करणे शक्य झाले नाही आणि कित्येक घरांतील कर्ते पुरुष परतले नाहीत. या अनुभवानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी हे छोटे यंत्र पुढे आले. उपग्रहाकडून थेट आलेला वादळाचा इशारा आणि मत्स्यक्षेत्राची सूचना ते होडीवरील मोबाइलवर उतरविते.

तारलीने शिकविलेला धडा

मासा कोठे मिळेल हे कळले म्हणजे सर्व प्रश्न सुटला काय? केरळच्या किनाऱ्यावरील तारलीचा इतिहास याचे उत्तर देतो. तेथे मत्ती या नावाने ओळखला जाणारा हा स्वस्त आणि पौष्टिक मासा गरिबांच्या घरचे अन्न आहे. २०१२ मध्ये केरळात तारलीची पकड सुमारे ४ लाख टनांपर्यंत गेली होती. २०२१ मध्ये ती अवघ्या ३,२९७ टनांवर आली. पुढे ती पुन्हा वाढली, तरी मधल्या वर्षांत अनेक कुटुंबांची चूल मंदावली. समुद्राच्या तापमानातील आणि प्रवाहांतील बदल हे या चढउताराचे एक कारण, तर वाढ पुरी न झालेल्या माशांची बेसुमार पकड हे दुसरे. पहिले आपल्या हाती नाही. दुसरे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. दूरदृष्टीचे साधन हाती आल्यावर हाव वाढली, तर तेच साधन समुद्र रिता करण्यास हातभार लावील.

म्हणूनच या साधनाचा उपयोग पकडीइतकाच राखणीसाठीही व्हावयास हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून असे ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा मत्स्यक्षेत्राच्या सूचनाही थांबविल्या जातात. कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत, त्यामागेही अशीच समज होती.

माशांची पिले जेथे आसरा घेतात ती कांदळवनेही उपग्रहाच्या नजरेखाली आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ मध्ये देशात ४,०४६ चौरस किलोमीटर कांदळवनाची नोंद केली होती. २०२१ च्या अहवालात ती ४,९९२ चौरस किलोमीटर आहे. किनाऱ्याचा हिशेब मात्र तितका समाधानकारक नाही. १९९० ते २०१८ या काळातील चित्रांच्या अभ्यासावरून मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची धूप होत असल्याचे आढळून आले. लाटा कोठे जमीन गिळीत आहेत हे आधी कळले, तर घरे, बंदरे आणि वाळूचे पुळण यांविषयीचे निर्णय अधिक जाणतेपणाने घेता येतात.

उपग्रह पाहतो, मोजतो आणि सांगतो. ऐकावयाचे की नाही, हे माणसाने ठरवावयाचे असते. तो निर्णय तांडेलाच्या आणि शासनाच्या हाती जितका आहे, तितकाच बाजारात टोपलीपुढे उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या हातीही आहे. तारलीची लांबी दहा सेंटीमीटरांहून कमी असेल, तर ती पकडू नये असा दंडक केरळ राज्याने घातला आहे. असे बोटाएवढे मासे गिऱ्हाईकाने नाकारले, की ते जाळ्यात धरण्याचे प्रयोजनही उरणार नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या कुटुंबालाही सागराच्या राखणीत एवढा वाटा सहज उचलता येईल.