मुन्नाभाईचा तिसरा भाग कां निघाला नाहीं?



दादासाहेब फाळके यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ काढला आणि पुढें १९३२ सालीं ‘सेतुबंधन’. मारुतीनें लंका जाळली, मग रामानें सेतु बांधला. पुढें काय घडावयाचें हें वाल्मीकींनीं आधींच लिहून ठेविलें होतें. परंतु ज्याची पोथी अगोदर लिहिलेली नाहीं, अशा कल्पित नायकाच्या कथेचा पुढचा भाग रचणें किती कठीण, हें आज ‘मुन्नाभाई’च्या उदाहरणावरून पाहूं.

या चित्रमालेचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे मूळचे नागपूरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें ते संकलन, म्हणजे चित्रित केलेल्या फितींची काटछाट व जुळणी, ही विद्या शिकले. विधु विनोद चोप्रा यांनीं निर्मिलेला त्यांचा ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ २००३ च्या डिसेंबरांत लागला. वडिलांच्या समाधानासाठीं डॉक्टर होऊं निघालेला मुंबईचा एक गुंड, हा त्याचा नायक. ही भूमिका आरंभीं शाहरुख खान यांच्यासाठीं योजिली होती आणि संजय दत्त यांच्याकडे एका रोग्याचें काम यावयाचें होतें. बेत बदलला, आणि मुन्ना म्हणजे संजय दत्त हें समीकरण लोकांच्या मनांत कायमचें बसलें.

२००६ चा ‘लगे रहो मुन्नाभाई’ हा काटेकोर अर्थानें उत्तरभाग नव्हेच. पहिल्या चित्रांतील डॉक्टर सुमन त्यांत नाहीं. मुन्ना आणि त्याचा सोबती सर्किट हे दोघे तेच, परंतु कथा सर्वस्वीं नवी. पहिल्यांत रुग्णालयाच्या कोरड्या कारभारास मायेच्या मिठीनें उत्तर दिलें होतें. दुसऱ्यांत गांधीजींचा सत्याग्रह आजच्या मुंबईंत आणून पाहिला. गांधीजींची भूमिका आपल्या दिलीप प्रभावळकर यांनीं केली. या भूमिकेसाठीं व ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००६ च्या नोव्हेंबरांत हा चित्रपट संयुक्त राष्ट्रसंघांतहि दाखविण्यांत आला.

मग तिसरा भाग? २००७ सालीं ‘मुन्नाभाई चले अमेरिका’ घोषित झाला. त्याची लहानशी झलकहि लोकांनीं पाहिली. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं आर्थर रोडच्या तुरुंगांत भरलेल्या विशेष न्यायालयानें संजय दत्त यांस सहा वर्षांची शिक्षा सुनावली. हा तुरुंग आमच्या चिंचपोकळीहून पायीं जाण्याजोगा; त्या रस्त्यास आतां साने गुरुजींचें नांव आहे. बाँबस्फोटांच्या कटाच्या आरोपांतून दत्त मुक्त झाले होते. शिक्षा झाली ती बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती पांच वर्षांवर आणली, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत ते येरवड्याहून सुटले.

नटच तुरुंगांत, मग चित्र कसें निघावें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु हें कारण पुरें पडत नाहीं. मधल्या काळांत दत्त दीर्घकाळ जामिनावर बाहेर होते आणि चित्रपटांतून कामें करीत होते. हिरानी यांनीं २००९ सालीं ‘थ्री इडियट्स’ व २०१४ सालीं ‘पीके’ काढला. सुटकेनंतर २०१८ सालीं त्यांनीं खुद्द दत्त यांच्याच जीवनावर ‘संजू’ काढला. म्हणजे सवड होती, स्नेह होता, आणि प्रेक्षकहि वाट पाहत होते.

खरी अडचण लेखणीची होती. मुन्नाभाईच्या सुमारें पांच संहिता आपल्याजवळ अर्धवट पडून आहेत, असें हिरानी यांनींच मुलाखतींत सांगितलें आहे. त्यांत ‘मुन्नाभाई एल.एल.बी.’ आहे, ‘मुन्नाभाई चल बसे’हि आहे. नवा भाग पूर्वीच्या दोहोंहून सरस ठरला पाहिजे, ही त्यांची अट. मुन्नास वकिलाचा डगला चढविणें सोपें. पण मायेची मिठी आणि सत्याग्रह यांच्या तोडीचा विचार घेऊन तो न्यायालयांत उभा राहावयास हवा. तेलुगूंतहि याच कथांवरून ‘शंकरदादा’ची माला निघाली. २००४ व २००७ अशीं दोन चित्रें झालीं. पुढें मूळ कथाच नव्हती.

केवळ नांवाच्या बळावर तिसरा भाग काढला असता, तरी पहिल्या आठवड्यांत चित्रगृहें भरलीं असतीं. तो मोह टाळून अपुऱ्या संहिता कपाटांतच राहूं देणें, हेंहि एका परीनें संकलनच होय. आपल्या आवडत्या कथेचा पुढचा भाग आपण अवश्य मागावा. मात्र नायक तोच असला, तरी त्याच्याजवळ सांगण्यासारखें नवें कांहीं आहे काय, हेंहि विचारावें.