मंजुरी मिळाली, तरी जागा मोकळी आहे का?

हैदराबादेत नारायणगुड्यावरून जाणारी मेट्रो 7 फेब्रुवारी 2020 रोजी सुरू झाली आणि महात्मा गांधी बसस्थानकापाशी थांबली. मूळ आराखड्यात ती जुन्या शहरातून फलकनुम्यापर्यंत जाणार होती. मेट्रो बांधणाऱ्या कंपनीशी करार 2010 सालीच झाला होता. करार झाला म्हणजे वाट मोकळी झाली, हा गैरसमज इथेच उघडा पडतो.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे: कायदेशीर अडचणी वकिलाने बघाव्यात, जागेवरच्या अडचणी इंजिनिअरने. या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. उन्नत मार्गाचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहतात. रस्ता अरुंद असेल तर तो रुंद करावा लागतो, त्यासाठी दुकानं आणि घरं घ्यावी लागतात आणि तिथून भूसंपादन सुरू होतं. सुलतान बाजारातल्या व्यापाऱ्यांचा विरोध याच कारणाने होता. 2014 मध्ये मार्ग बदलण्याचा विचार झाला, पण शेवटी मेट्रो तिथूनच गेली. पुढे जुन्या शहरात धार्मिक स्थळांचा आणि वारशाच्या वास्तूंचा प्रश्न आला. म्हणजे टेपने मोजलेली रस्त्याची रुंदीच पुढचे कायदे ठरवते. मार्गाची रेघ ओढण्याआधी ती मोजायला हवी.

मालकाची संमती पुरते, हेही खरं नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांत भाडेकरूही येतात. अट अशी, की ते तीन वर्षं तिथे असावेत आणि त्यांची उपजीविका त्या जागेवर असावी. गाळ्यात भाड्याने बसलेल्या शिंप्याला वगळून आखलेलं वेळापत्रक मला अन्यायकारक तर वाटतंच, ते टिकतही नाही.

नारायणगुड्यात जुनं घर पाडून इमारत बांधू पाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ईसी, म्हणजे मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला, स्वच्छ निघाली की वाद नाही, असं धरून चालतात. ईसीत नोंदणी झालेले व्यवहार दिसतात. भावांतली तोंडी वाटणी किंवा भाडेकरूचा ताबा दिसत नाही. महापालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून मालकीही सिद्ध होत नाही. तेव्हा आर्किटेक्टकडे जाण्याआधी वारसांना एकत्र बसवा, भाडेकरूंशी बोला, कोर्टात दावा आहे का ते पाहा. आणि समोरचा रस्ता स्वतः मोजा.