ताप उतरला म्हणून लगेच तालमीत पाठवू नका

कॉलेजला जाणारा मुलगा आठ-दहा दिवस तापाने फणफणतो. घसा सुजलेला, घोट गिळवत नाही, मानेला गाठी. आधी टायफॉइडची शंका येते, औषधे होतात, ताप हटत नाही. शेवटी रक्त तपासल्यावर डॉक्टर सांगतात, 'मोनोन्यूक्लिओसिस'. नाव ऐकूनच घरची मंडळी हबकतात. हे दुखणे किती गंभीर समजायचे?

हा आजार बहुधा एपस्टाइन-बार विषाणूमुळे होतो. त्याचा शोध १९६४ साली लागला. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो आणि साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो. तेव्हा जे सुटतात, त्यांना १५ ते २५ या वयात तो अधिक छळतो.

गंभीरपणा केवळ तापाच्या आकड्यावरून किंवा थकव्यावरून ठरवू नये. ताप आणि घसा साधारण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. थकवा कधी कधी महिनोन्‌महिने रेंगाळतो, पण तो जिवावरचा नसतो. लक्ष ठेवायचे ते चार गोष्टींवर. श्वास घेताना अडथळा होतो का? पाणीसुद्धा गिळवेनासे झाले आहे का? डोळे पिवळे दिसतात का? डाव्या बरगडीखाली अचानक कळ येते का? यातले एकही दिसले तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

चौथी खूण विशेष महत्त्वाची. या आजारात सुमारे निम्म्या रुग्णांची प्लीहा, म्हणजे पाणथरी सुजते. कन्नड माध्यमातली मुले तिला 'गुल्म' म्हणतात. सुजलेली पाणथरी धक्क्याने, क्वचित धक्क्याशिवायही फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. असे शंभरात एकालाही होत नाही. पण धोका मुख्यतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत असतो, आणि मुलाला बरे वाटू लागते तेही नेमके याच सुमारास! म्हणून कुस्ती, कबड्डी, वजन उचलणे निदान महिनाभर बंद ठेवावे. पुढेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करावे.

अँटिबायोटिक या विषाणूवर चालत नाही. घरात उरलेली अमॉक्सिसिलिन दिली तर अंगभर पुरळ उठू शकते. विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल एवढेच बहुतेकांना पुरते.

आपल्या भागात तालमीची हौस मोठी. पण आखाडा कुठे पळून जात नाही. महिनाभर थांबायला हरकत काय?