सव्वा सेकंदाचं गाणं आणि एक पत्र

‘यू सफर’ हे गाणं लावा. लावलंत? संपलंसुद्धा! १.३१६ सेकंद. जगातलं सर्वांत छोटं रेकॉर्ड झालेलं गाणं म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. शब्द चारच, आणि तो एक प्रश्न आहे.

गाणं ‘नेपाम डेथ’चं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन गावात १९८१ साली शाळकरी पोरांनी काढलेला हा बँड. नाव व्हिएतनामवर टाकलेल्या नेपाम बॉम्बवरून. पंकचा राग आणि मेटलचं वजन एकत्र कुटून त्यांनी जे केलं, त्याला ‘ग्राइंडकोअर’ म्हणतात. ड्रम इतका सुसाट की ठोके मोजता येत नाहीत, वर पोटातून काढलेली गुरगुर. आपल्या मिरवणुकीतला डीजे याच्यापुढे अंगाई वाटेल. २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं त्यांचा शो ऐन वेळी रद्द केला, कारण आवाजानं जुन्या इमारतीला धक्का बसेल अशी भीती वाटली!

‘नुसता गोंगाट’ म्हणून सोडून द्याल. थांबा. १९८७ च्या ‘स्कम’ या पहिल्या अल्बमची सुरुवात होते ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’नं, म्हणजे नफ्यासाठी माणसं भरडणाऱ्या कंपन्यांवर. हा विषय आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या पाण्यावरच्या २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. घरी विचारा, आठवत असेल.

पण मला हा बँड आवडतो तो एका पत्रामुळे.

२०१४ मध्ये जोको विडोडो इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सुताराच्या घरातला माणूस, पक्का मेटल फॅन. नेपाम डेथचा टी-शर्ट घातलेला त्यांचा फोटो जगभर फिरला. दुसरा एखादा बँड असता तर त्यानं फोटो शेअर केला असता आणि जकार्तात शो लावला असता (आपण तरी काय केलं असतं?). पुढच्याच वर्षी हेरॉइन तस्करीच्या गुन्ह्यात अँड्र्यू चॅन आणि मायुरन सुकुमारन या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांना गोळ्या घालायची तयारी सुरू झाली. तेव्हा बँडचा गायक बार्नी ग्रीनवे यानं थेट आपल्या या फॅनला पत्र लिहिलं : यांना मारू नका.

तस्करी बरोबर होती असं कुणीच म्हणत नव्हतं. पण सरकारनं माणूस मारायचा नाही, हे बार्नीचं म्हणणं, आणि ज्याच्याकडे तो अधिकार होता तो त्याची गाणी ऐकणारा होता. माझ्या मते त्यांच्या कुठल्याही गाण्यापेक्षा हे पत्र जास्त धाडसाचं. सत्तेतल्या अनोळखी माणसाला शिव्या देणं सोपं असतं, चाहत्याला अडवणं नाही.

राष्ट्राध्यक्ष बधले नाहीत. २९ एप्रिल २०१५ ला मध्यरात्रीनंतर दोघांना गोळ्या घातल्या.

ऐकायचं असेल तर ‘स्कम’पासूनच सुरू करा. शब्द समोर उघडे ठेवा, नुसत्या कानांना ते कळणार नाहीत. २८ गाणी, साधारण ३३ मिनिटं. मांडव्याहून निघालेली बोट गेटवेला लागायच्या आत अल्बम संपतो. फक्त हेडफोन विसरू नका, शेजारच्या काकूंची काही चूक नाही.